झालं की शेजाऱ्याला

कालिंदी सबनीस विलायतेहून परत आल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकेत लोकरीचे दोन कोट आणि प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा होता. कोट कोल्हापुरात निरुपयोगी ठरले. प्रश्नपत्रिकांचं तसं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी बोटीवरच ठरवलं होतं.

त्या गेल्या तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं आणि शिष्यवृत्ती दरबारची होती. आल्या तेव्हा संस्थान विलीन होऊन मुंबई इलाख्यातला एक जिल्हा झालं होतं. हिशेब मागायला दरबार उरला नव्हता. पण तिकडं शिकलेलं इकडच्या मुलांना द्यायचं, हा शब्द आपण दिला आहे आणि घेणारा गेला म्हणून तो सुटत नाही, असं बाईंचं सरळ मत होतं. त्यांची बहुतेक मतं अशीच सरळ असत.

यॉर्कशायरातल्या एका लहान गावात त्यांनी दोन वर्षं काढली होती. इंग्रजांनी ऐन युद्धात शिक्षणाचा नवा कायदा केला होता. त्याच्या आधारानं अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेत आणि जे हुशार ठरेल त्याला वरच्या शाळेत फी न घेता शिकवत. बाप डॉक्टर की खाणीत कोळसा फोडणारा, हे कुणी विचारत नसे. खाणीतल्या मजुराची एक मुलगी लॅटिन वाचताना बाईंनी पाहिली होती. तिची नखं बापासारखीच काळी होती, कारण घरची शेगडी तीच पेटवत असे. आपल्याकडं हे का होऊ नये, हा प्रश्न बाईंनी तिथं पहिल्यांदा स्वतःला विचारला, आणि परत आल्यावर भेटेल त्याला विचारायला सुरुवात केली.

उत्तर मिळालं ते दादा मोहित्यांकडून. शाहूपुरीत दादांची गुळाची अडत होती. तरुणपणी ते लाल मातीत खेळलेले. आता गुडघे बोलत, पण आवाज आखाड्यातलाच राहिला होता. बाईंचं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हणजे तालीमच की ओ ही. खेड्यात चांगला गडी दिसला की वस्ताद त्याला उचलून आणतो, खुराक देतो, घडवतो. तुम्ही डोक्याचे पैलवान काढणार."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या.

"मग इतकं इंग्लंड कशाला सांगितलंसा? आधीच तालीम म्हणायचं."

दादा अध्यक्ष झाले आणि मंडळ उभं राहिलं. पाचवीपासूनचा एक विशेष वर्ग, जिल्हाभरातून निवडलेली मुलं, फी माफ आणि राहायला बोर्डिंग, असं ठरलं. पेठेत त्याला लगेच 'हुशार वर्ग' असं नाव पडलं आणि बाकीच्या वर्गांना काय म्हणायचं यावर पानाच्या दुकानांतून चर्चा झाली.

मंडळाचे चिटणीस दत्तोपंत रुकडीकर हे शाळाखात्यात तपासनीस होऊन निवृत्त झालेले. खात्याचा एकही अहवाल त्यांनी वाचायचा सोडला नव्हता. अमेरिकेतल्या एका शहरात हुशार मुलांचे वर्ग वेगळे असतात, पण शाळा वेगळी नसते; गाणं, खेळ, डबा सगळ्यांबरोबर, हे त्यांनी कुठंसं वाचलं होतं आणि ते त्यांना पसंत होतं. शेवटी वर्ग अमेरिकेसारखा नेहमीच्या शाळेत भरवायचा आणि परीक्षा इंग्लंडसारखी घ्यायची, असा तह झाला.

"दोन देशांचं एका ताटात वाढताय," दादा म्हणाले. "पोरांना पचंल न्हवं?"

परीक्षेचं मराठी बाईंनी आणि दत्तोपंतांनी मिळून केलं. दत्तोपंतांनी शिलिंग-पेन्सचे रुपये-आणे केले, बर्फावरून घसरणारी गाडी काढून तिथं बैलगाडी घातली. दोघांनाही आपल्या कामाचा अभिमान वाटला, आणि तो खोटा नव्हता.

एकावन्न सालच्या उन्हाळ्यात, बाई शिकवत त्या शाळेच्या दालनात परीक्षा झाली. मलकापूरपासून शिरोळपर्यंतची मुलं कुणी मास्तरांबरोबर, कुणी गावच्या मोठ्या पोरांबरोबर आली. दत्तोपंतांनी इंग्रजी कागदावरून उतरलेल्या सूचना मोठ्यानं वाचल्या. दुसऱ्याच्या कागदात बघू नये. दुसऱ्याला विचारू नये. जागेवरून उठू नये. मग घंटा झाली.

बाई बाकांमधून फिरत होत्या. शिरोळजवळच्या माळवाडीची एक मुलगी, ताना नाव, खाली मान घालून सारखी लिहीत होती. वेळ पुष्कळ शिल्लक असताना तिनं पेन्सिल खाली ठेवली, कागद पालथा घातला आणि बाकावरून सरकत शेजारच्या मुलाला चिकटून बसली. मग ती त्याला काहीतरी सांगू लागली. कुजबुजून नव्हे, चांगलं ऐकू येईल असं, बोटांनी हवेत ओळी काढत. मुलगा ऐकत होता. तो वसंत होता, दादांचा नातू.

बाई तिथं पोचल्या. "बोललीस का तू?"

"व्हय."

"याला सांगितलंस?"

"व्हय. चौथं गणित."

चेहऱ्यावर भीती नाही की शरम नाही. बाईंना तो निगरगट्टपणा वाटला. त्यांनी तांबडी पेन्सिल काढली आणि दोन्ही कागदांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. संध्याकाळी निकालाच्या वेळी दोन्ही नावं सगळ्यांसमोर वाचली गेली: कॉपी केल्यामुळे बाद. दादा उठून म्हणाले, "माझा नातू असला तरी बाद म्हणजे बाद." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोल्हापुरात त्या आठवड्यात मंडळाची जी पत वाढली ती त्या दोन रेघांमुळे.

आठवडाभरानं माळवाडीचे जोतीराम मास्तर शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. डोक्याला फेटा, पायांत करकरणारं कोल्हापुरी पायताण, आणि आवाज असा की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी आली.

"बाई, आमच्या पोरीला चोर ठरवलंसा?"

"मास्तर, तिनं स्वतः कबूल केलं."

"काय कबूल केलं?"

"त्या मुलाला सांगितलं म्हणून."

"मग त्येच की! सांगितलं म्हणाली. बघितलं म्हणाली का? इचारलं म्हणाली का?"

"मास्तर, सांगणं हीसुद्धा कॉपीच."

मास्तरांनी फेटा काढून काखेत धरला आणि बाईंकडं असं बघितलं की जणू त्यांना पाढे येत नाहीत. "बाई, तुमी विलायतेला जाऊन आलासा. आता माळवाडीला या. लांब न्हाय. जयसिंगपूरपतोर गाडी, म्होरं आमची बैलगाडी. एक डाव शाळा बघा, मग कुणाला चोर म्हणायचं ते म्हणा."

बाईंना बोलावणं टाळायची सवय नव्हती. शनिवारी सकाळची शाळा म्हणून पहाटेच्या गाडीनं त्या निघाल्या.

माळवाडीची शाळा मारुतीच्या देवळाच्या मंडपात भरे. चार इयत्ता, एक मास्तर. तिसरी-चौथीला मास्तर फळ्यावर गणित घालत होते. पहिली-दुसरीची मुलं खांबाच्या पलीकडं मोकाट होती. एक रडत होता, दोघं मारुतीच्या शेंदराला हात पुसत होते.

बाई खांबाशी उभ्या राहून बघू लागल्या. गुंडू नावाच्या मुलाचं गणित आधी झालं. त्यानं पाटी पालथी घातली, बसल्या जागेवरून सरकला आणि शेजाऱ्याला चिकटून बसला. मग बोटानं हवेत रेघा काढत त्याला सांगू लागला. शेजाऱ्याला समजलं तेव्हा तो सरकून आपल्या पलीकडच्याला सांगू लागला. थोड्या वेळात सगळा वर्ग दोघादोघांत गुंतला होता आणि मास्तर पहिलीकडं जाऊन रडणाऱ्याचं नाक पुसत होते.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी पोरांकडं वळून ओरडून विचारलं, "झालं की?"

"शेजाऱ्याला!" सगळी शाळा एका सुरात ओरडली. पहिलीतला रडकाही ओरडला.

"ह्यो आमचा कायदा," मास्तर म्हणाले. "चार वर्ग आन् मी एकला. उत्तर नुसतं सांगायचं न्हाय, कसं केलं ते सांगायचं. ज्याला सांगता आलं न्हाय त्याचं गणित आमी झालं म्हणतच न्हाय."

पाटी पालथी घालणं, सरकणं, हवेतल्या रेघा, सगळं तेच होतं. परीक्षेच्या त्या दालनात तानानं आपलं गणित पुरं केलं होतं. माळवाडीच्या हिशेबानं सांगितल्याशिवाय ते पुरं होतच नव्हतं.

"ताना कुठं आहे?"

"घरात. बापानं शाळा बंद केली तिची. चोर म्हणून नाव वाचलं न्हवं का तुमी, गावची पोरं हुती तिथं. त्यांनी येऊन गावभर केलं." मास्तरांनी खांबापलीकडं हात केला. "ती असती तर ही पोरं अशी मोकाट दिसली नसती. पैली-दुसरी तीच बघायची."

बाई वळल्या. "रोज?"

"रोजच की."

"चौथीत असून? मग तिचा स्वतःचा अभ्यास?"

"तिला काय अभ्यास राह्यलाय? चौथीत दुसरं वरीस हाय तिचं."

"नापास झाली होती?"

"छ्या! पैली आलती."

"मास्तर, पहिली आलेली मुलगी चौथीत दुसऱ्यांदा कशी?"

मास्तरांनी पहिल्यांदाच नजर खाली घातली. "पाचवी हाय कुठं वाडीत? शिरोळला तिला कोण धाडणार? म्हटलं, घरात बसण्यापरीस..." ते थांबले. मग बाईंच्या तोंडाकडं बघून त्यांनी उरलेलं खरं सांगून टाकलं. "आन् माझी सोय झाली, बाई. त्यात काय लपवायचं."

"मी तिच्या कागदावर रेघ मारली आणि तुम्ही तिच्या वर्षावर," बाई म्हणाल्या. "चला, तिच्या घरी चला."

तानाचं घर गावकुसाला होतं. बाप ज्ञानू अंगणात कडबा तोडत होता. आई अंबूबाईनं पाटावर घोंगडं टाकलं, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. ताना परसात शेणी, म्हणजे गोवऱ्या, थापत होती. पलीकडं वाळलेल्या शेणी भिंतीला टेकवून रचलेल्या होत्या, वर निमुळत्या, खाली रुंद. पाहुणी कोण ते दिसल्यावर तिनं हात धुतले आणि दाराच्या चौकटीशी येऊन उभी राहिली.

"ताना, त्या मुलाला तू का सांगितलंस?"

"त्येचं अडलं हुतं."

"त्यानं विचारलं तुला?"

"न्हाय. पेन्सिल चावत हुता." आणि बाईंना अजून कळलं नाहीसं बघून तिनं समजावून सांगितलं, "अडलेला पेन्सिल चावतो."

"मग मी विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंस?"

"तुमी कुठं इचारलं, का म्हणून?"

हे खरं होतं. बाईंनी 'बोललीस का' विचारलं होतं, 'सांगितलंस का' विचारलं होतं. 'का' तेवढं विचारलं नव्हतं.

"ज्ञानूदादा," बाई बापाकडं वळल्या, "चूक माझी झाली. तुमच्या मुलीनं चोरी केली नाही."

ज्ञानूनं विळा बाजूला ठेवला. "ह्ये हितं सांगून काय उपेग, बाई? हितं म्हसरं आन् आमी. तुमी नाव कुठं वाचलं?"

"शाळेत. सगळ्यांसमोर."

"मग तितंच सांगा. सगळ्यांम्होरं. मग मी पोरगी शाळंत धाडतो, कोल्हापूरला बी धाडतो. न्हाय तर तिच्या मावळणीनं, माझ्या भनीनं, पेठ वडगावचं स्थळ आणलंय. चांगलं हाय. पोरगी चोर म्हणून बोभाटा तिथवर गेला तर त्ये बी जाईल, म्हणून आखितीच्या मुहूर्ताला लगीन उरकतो."

"अवो, लहान हाय ती," अंबूबाई हळूच म्हणाली.

"म्हणूनच बाईस्नी सांगतोय न्हवं."

परतीच्या गाडीत बाईंना मिस ॲटकिन आठवल्या. त्या यॉर्कशायरच्या गावातल्या मुख्याध्यापिका. परीक्षेचे निकाल लागले की काठावर राहिलेल्या आणि काही खटकलेल्या मुलांचे कागद घेऊन त्या शनिवारी बसत. एकेका मुलाला बोलावत, चहा आणि बिस्किट देत आणि एवढंच विचारत, हे तू कसं केलंस? त्या मुलाच्या जुन्या शिक्षकांचं म्हणणं वाचत. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या कालिंदी सबनीसना ते फार कंटाळवाणं वाटे. परत आल्यावर मंडळासाठी लिहिलेल्या अहवालात त्यांनी परीक्षेला पानंच्या पानं दिली होती आणि मिस ॲटकिनच्या शनिवारांना एक ओळही नाही. इंग्रजांची चाळण त्यांनी उचलून आणली होती; चाळल्यावर वर उरलेला कोंडा पुन्हा हातानं चिवडून बघायचं काम तिथंच ठेवून आल्या होत्या.

कोल्हापूर स्टेशनवर उतरेपर्यंत काय करायचं ते त्यांचं ठरलं होतं.

मंडळाची सभा शाळेच्या दालनात भरली. बाईंनी मागणी केल्याप्रमाणे ती उघडी होती. ज्या लोकांनी निकालाला टाळ्या वाजवल्या होत्या त्यांतले बरेच आले. मागच्या बाकावर ज्ञानू, अंबूबाई, ताना आणि जोतीराम मास्तर बसले. वसंत पुढं आजोबांच्या खुर्चीशी उभा होता.

बाईंनी काय घडलं, काय पाहिलं आणि काय चुकलं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. "या मुलीचा कागद पुन्हा विचारात घ्यावा, असं माझं म्हणणं आहे."

दत्तोपंतांनी चष्मा पुसला. "कालिंदीबाई, मुलीबद्दल मला सहानुभूती आहे. पण एकदा जाहीर झालेला निकाल फिरवायचा? उद्या प्रत्येक बाद मुलाचा बाप येऊन आमच्या गावची रीत वेगळी म्हणेल. इंग्लंडात असं चालतं का?"

"चालतं. मी दोन वर्षं त्या टेबलाशी बसले आहे." आणि बाईंनी मिस ॲटकिनचे शनिवार सांगितले, चहाबिस्किटासकट. "हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. आपण त्यांची अर्धी पद्धत उचलली. सोपी अर्धी."

"आणि अहवालात ते का नव्हतं?"

"कारण मला ते कंटाळवाणं वाटलं होतं."

सभेत कुणीतरी हसलं. दत्तोपंतही किंचित हसले, कारण निवृत्तीपर्यंत त्यांनी वाचलेल्या अहवालांतून काय काय गळलेलं असतं ते त्यांना ठाऊक होतं.

दादा मात्र हसले नव्हते. "बाई, तिची रेघ पुसली तर याची पण पुसावी लागंल. लोक काय म्हणतील? मोहित्यानं नातवासाठी खेड्याची पोर पुढं केली. ते मला चालायचं न्हाय."

"दोघांच्या कागदावर रेघ एकाच पेन्सिलीनं मारली आहे, दादा. ऐकायचं तर दोघांचंही. इथंच, सगळ्यांसमोर. जे होईल ते होईल."

"आन् हा पास झाला तर?"

"तर पास."

"आबा," वसंत मधेच म्हणाला, "मी न्हाय व्हायचा पास. मला चौथं सोडून बाकीची अवघड गेलती."

लोक मोठ्यानं हसले. दादांनी नातवाकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग येऊ घातला होता तो आला नाही. "घ्या परीक्षा," ते म्हणाले.

तानाला दत्तोपंतांनी शेजारच्या खोलीत नेलं आणि नवा कागद दिला. बाईंनी वसंताला फळ्यापाशी बोलावलं. परीक्षेतल्या चौथ्या गणितात आकड्यांची ओळ होती: एक, तीन, सहा, दहा, पंधरा, आणि पुढं काय? बाईंनी ती लिहिली नाही. नवी ओळ लिहिली: दोन, पाच, नऊ, चौदा, पुढं काय?

वसंतानं खडू तोंडाकडं नेला आणि चावायच्या आत थांबवला. बाईंच्या ते ध्यानात आलं. मग तो म्हणाला, "वीस."

"कसं?"

"हा त्योच ढीग हाय." त्यानं फळ्यावर सगळ्यात वर एक गोल काढला, खाली दोन, त्याखाली तीन, त्याखाली चार. "शेणी अशा रचत्यात. एक ओळ हाय तवर एक. दोन ओळी झाल्या की तीन. मग सहा, मग दहा, मग पंधरा. दर वेळेला खालची ओळ एकानं लांब." मग त्यानं सगळ्यात वरचा गोल तळहातानं पुसून टाकला. "आन् ह्या गणितात वरची शेणी कुणीतरी चुलीला नेली. म्हणून सगळीकडं एक कमी."

बाईंच्या डोळ्यांपुढं माळवाडीचं परसू आलं. वर निमुळता, खाली रुंद असा भिंतीला टेकलेला ढीग.

"वसंत, तू कधी शेणी रचल्यास?"

"न्हाय. आमच्याकडं कोळसा असतो."

"मग हे कुणी सांगितलं?"

"त्या पोरीनं. परीक्षेत." तो जरा थांबून म्हणाला, "आमचे गुरुजी सांगतात ते मी विसरतो. हे न्हाय विसरलो."

बाई सभेकडं वळल्या. आवाज चढवायची त्यांना गरज वाटली नाही. "या मुलीला बोलायला किती वेळ मिळाला, तर मी बाकांच्या टोकापासून तिच्यापर्यंत चालत आले तेवढा. तेवढ्यात तिनं एका अनोळखी मुलाला जे समजावलं, ते त्याला आज नव्या गणितात वापरता येतं. हे करणारे शिक्षक घडवायला दरबारानं माझ्यासारखीला परदेशी पाठवलं. दादा, तालमीत थोरला गडी धाकट्याला डाव सांगतो, तेव्हा वस्ताद थोरल्याला हाकलून देतो का?"

"हाकलून?" दादा म्हणाले. "डाव सांगत न्हाय त्याला हाकलतो."

त्यानंतर वसंताला बाकीची गणितं घातली. ती त्याला खरोखरच जमली नाहीत. दत्तोपंत शेजारच्या खोलीतून तानाचा कागद घेऊन आले. ते तो चालता चालता वाचत होते आणि दाराच्या उंबऱ्याला अडखळले.

"काय झालं, पंत?" दादांनी विचारलं.

"शेवटचं गणित मी मुद्दाम सातवीचं घातलं होतं," दत्तोपंत म्हणाले. "म्हटलं, बघू तरी." आणि त्यांनी कागद बाईंपुढं ठेवला. तेही गणित बरोबर होतं.

दादा उठून उभे राहिले. "लिहा पंत. वसंत मोहिते, नापास. रीतसर नापास, कॉपी न्हाय." हे सांगताना त्यांची छाती टाळ्या पडल्या होत्या त्या दिवसापेक्षा जास्त फुगली होती.

मग बाई मागच्या बाकापर्यंत चालत गेल्या. तिथं उभं राहून, पुढच्या रांगेतल्यांनाही ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तानानं चोरी केली नव्हती. मी न विचारता तिला चोर ठरवलं. तिचं नाव विशेष वर्गात घेतलं आहे."

ज्ञानूनं मान हलवली. "आता झालं," तो म्हणाला, आणि अंबूबाईला कोपरानं ढोसलं. "मावळणीला काय सांगायचं ते तू सांग."

"सांगते की," अंबूबाई म्हणाली. पदराआडून का होईना, ती हसत होती.

जोतीराम मास्तर सगळ्यांत मागं रेंगाळले. "बाई, पोरगी गेली. माझी पैली-दुसरी कोण बघणार?"

"त्याला दुसरा मास्तर लागतो," बाई म्हणाल्या. "बारा वर्षांची मुलगी नव्हे."

"त्यो कोण देणार?"

दत्तोपंत कागद आवरत होते. "स्कूल बोर्डात अर्ज कसा लिहायचा ते मला ठाऊक आहे," ते वर न बघता म्हणाले. "आणि तो टेबलावरून हलेपर्यंत समोर कसं बसायचं तेही."

ते बसले. बोर्डाच्या कचेरीतल्या कारकुनांना त्यांची काळी टोपी नकोशी होईपर्यंत बसले. दिवाळीनंतर माळवाडीला दुसरा मास्तर मिळाला. मंडळाच्या नियमांत एक कलम वाढलं: कुठल्याही मुलाला बाद करण्याआधी त्याला 'का' हे विचारावं आणि त्याच्या मास्तरांचं म्हणणं घ्यावं. कलमाला दत्तोपंतांनी अवघड भाषेत मथळा दिला. दादा त्याला शेणीचं कलम म्हणत.

त्याआधी, जूनमध्येच, विशेष वर्ग सुरू झाला होता. पहिल्याच आठवड्यात तानानं गणित संपवलं, पाटी पालथी घातली आणि बाकावरून सरकली.

"ताना, जागेवर," बाई म्हणाल्या.

"झालं, बाई."

"माहीत आहे. दिवाळीपर्यंत तू कुणाला शिकवायचं नाहीस. दोन वर्षं तू दुसऱ्यांना शिकवलंस. आता तू शिकायचं."

तानाला हे अजिबात पटलं नाही. "मग झालं की काय करू?"

"पुढचं."

"पुढचं झालं की?"

"त्याच्या पुढचं."

तिनं जरा विचार केला. कुणी आपल्यासाठी पुढचं काढून ठेवलं असेल, हे तिच्या आजवरच्या शाळेत कधी घडलं नव्हतं. तिनं पाटी सुलटी केली आणि हात पुढं केला. बाईंनी पुढचं दिलं.

मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गातला वसंत दारात येऊन उभा राहिला. वर्ग वेगळे असले तरी अमेरिकेच्या कृपेनं शाळा एकच होती. हातात पाटी, तोंडात पेन्सिल. तानानं त्याच्याकडं बघितलं, मग बाईंकडं.

बाई फळा पुसायला वळल्या. फळा आधीच स्वच्छ होता. त्यांनी तो सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पुन्हा पुसायला घेतला. पाठीमागं बाकावरून कुणीतरी सरकल्याचा आवाज आला.